दुसरा सांगाडा

हणमंत डुबल यांच्या पडवीत सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसायची. कऱ्हाडच्या आसपासच्या पन्नास गावांतून माणसं यायची. कुणाचा खांदा निखळलेला, कुणाचं मनगट मुरगळलेलं, कुणाची कंबर धरलेली. आता जवळपास दवाखाना नव्हता असं कुणी समजू नका. साल होतं २०४४. हाडाच्या आतबाहेरचं चित्र काढणारी यंत्रं तालुक्यात चार होती आणि त्यातली दोन चालवायला तर माणूसही लागत नव्हता. तरी लोक हणमंत अण्णांकडे यायचे, कारण अण्णांचा हात. हाडवैद्याचं काम घराण्यात तीन पिढ्या चालत आलेलं. नुसता अंगठा फिरवून हाड कुठं सरकलंय ते सांगायचे. मग "कुठल्या गावचा रं तू? लगीन झालं का न्हाई?" असं विचारून पोरगं लाजतंय न लाजतंय तोवर खांदा खटकन जागेवर! "डॉक्टरला चित्र दिसतं, मला हाड दिसतं," असं ते म्हणायचे. घमेंड होती खरी, पण बिनबुडाची नव्हती.

घरात माणसं मोजकी. बायको जाऊन आठ वर्षं झालेली. मुलगा महेश गुजरातच्या समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांवर कामाला, चार महिन्यांतून एकदा घरी. सून अक्षता दूध संघाच्या प्रयोगशाळेत. आणि सहा वर्षांची नात ईश्वरी, पहिलीतली, जिभेनं मिरची. पडवीत आलेल्या पैलवानालाही ती सोडायची नाही. "एवढे मोठे झालात आणि रडताय?" असं त्याच्या तोंडावर विचारायची आणि अख्खी पडवी हसायची.

जून संपता संपता एका दुपारी अक्षता कामावरून लवकर सुटली आणि तिला शाळेतून स्कूटरवर घेऊन येत होती. ओढ्यावरच्या फरशी पुलावर शेवाळ होतं, चाक घसरलं, ईश्वरी पाठीवर पडली. खरचटलंसुद्धा नाही. पण तिसऱ्या दिवशी मानेच्या खाली लिंबाएवढी गाठ आली, तापलेली, हात लावू न देणारी. अक्षतानं तिला कऱ्हाडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गाठ पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या आणि सांगितलं, "मला ही साधी गाठ वाटत नाही. तुकडा काढून बघण्याआधी हिची जनुकं वाचून घेऊ. तोवर कुणी हात लावायचा नाही. तेल नाही, शेक नाही, काही नाही."

तपासणीची तारीख मिळाली दीड महिन्यानंतरची. त्या वर्षी जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची जनुकं वाचायचं सरकारनं मनावर घेतलं होतं, त्यामुळं मोठ्या मुलांचा नंबर मागं गेला होता.

घरी येऊन अक्षतानं अण्णांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. "अण्णा, डॉक्टरांनी बजावलंय. हात लावायचा नाही."

"बरं बाई," अण्णा म्हणाले.

अक्षता साडेदहाला कामावर जायची. ईश्वरी दीडला घरी यायची, जेवायची आणि पडवीतल्या बाजेवर पालथी पडायची. "अण्णा, दुखतंय." आता जो माणूस सबंध जन्म दुसऱ्याच्या पोरांचं दुखणं काढत आला, त्यानं स्वतःच्या नातीला काय सांगायचं? थांब, तुझी तारीख ऑगस्टात आहे? अण्णांना ते जमलं नाही. तिसऱ्याच दिवशी त्यांनी निरगुडीचं तेल कोमट केलं, उशाशी बसले आणि हलक्या हातानं मानेपासून खाली चोळायला घेतलं.

"आईला सांगू नगंस हां. उगंच काळजी करती."

"देवाशप्पथ नाही सांगणार," ईश्वरी म्हणाली.

आठ दिवसांत सूज उतरली. अण्णा मनात खूश झाले. एवढी यंत्रं आणि एवढ्या तारखा, आणि हे घ्या, वाटीभर तेलात काम झालं! पण सूज उतरली तशी खाली एक कड हाताला लागायला लागली. बापानं त्यांना शिकवलं होतं, सूज उतरल्यावर कड लागली की गाठ बसली म्हणून समजायचं आणि बसलेली गाठ जोर वाढवून मोडायची. एरवी ते खरंही होतं; हजार पाठींवर त्यांनी पडताळून पाहिलं होतं. म्हणून त्यांनी जोर वाढवला. ईश्वरी उशीत तोंड खुपसून रडायची. "दुखतंय म्हणजी लागू पडतंय," असं म्हणून अण्णा तिचं डोकं थोपटायचे आणि पुन्हा अंगठा फिरवायचे. अक्षता घरी असायची तो रविवार सोडून रोज.

महिना सरला तेव्हा ईश्वरीचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. शाळेचा गणवेश चढवताना अक्षताला ते कळलं आणि तिला रडू कोसळलं. "मीच पाडलं हिला," एवढंच ती म्हणत राहिली. अण्णांनी तिला पाणी आणून दिलं.

ऑगस्टात तारीख आली. तपासणी केंद्रातल्या डॉक्टर नसीमा मुजावर पलीकडच्याच गावच्या. अण्णांना बघताच खुर्ची सोडून पुढं आल्या. "ओळखलंत का अण्णा? चिंचेवरून पडले होते. हा कोपर तुम्ही बसवलाय." त्यांनी हात सरळ करून दाखवला. अण्णांची छाती जरा फुगली, नाही म्हणायला.

मग त्यांनी ईश्वरीचे मोजे काढायला सांगितले. दोन्ही पायांचे अंगठे आखूड आणि आतल्या बाजूला वळलेले. नसीमांनी खाली वाकून ते निरखले.

"जन्मापासून असे आहेत?"

"हो," अक्षता म्हणाली. "अण्णांनी लहानपणी पट्ट्या बांधून बघितल्या, पण सरळ झाले नाहीत."

ईश्वरीला एका नळीत थुंकायला सांगितलं. "शाळेत थुंकलं की मारतात आणि इथं थुंक म्हणतात!" ती म्हणाली. नळी जेवणाच्या डब्याएवढ्या एका यंत्रात गेली. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ज्या कामाला महिना लागायचा, ते यंत्रानं दीड तासात संपवलं. नसीमांनी पडद्यावरचा मजकूर दोनदा वाचला आणि त्या अक्षतासमोर येऊन बसल्या.

त्यांनी जे समजावलं ते असं. माणसाच्या पेशीत तीन अब्ज अक्षरांचा मजकूर असतो, शरीर कसं घडवायचं त्याचा. त्यातलं एक जनुक, दुसऱ्या गुणसूत्रावरचं, पेशीच्या अंगावर एक कडी बसवतं. हाड बनवायचा हुकूम आला तरच ती कडी निघायला हवी. ईश्वरीच्या त्या जनुकात सहाशे सतराव्या जागी 'जी' हे अक्षर हवं, तिथं 'ए' पडलं होतं. तीन अब्जांत एक अक्षर! पण तेवढ्यानं कडी सैल झाली होती. आता अंगाला मार लागला, सूज आली, की दुरुस्तीला धावलेल्या पेशी स्नायू सांधण्याऐवजी तिथं हाड घालायच्या. ते हाड रोगट नसतं, चांगलं मजबूत असतं, फक्त नको तिथं असतं. वर्षं जातात तसा एका सांगाड्यावर दुसरा सांगाडा चढतो. मान वळत नाही, हात उचलत नाही, शेवटी जबडासुद्धा उघडत नाही. कापून काढावं तर कापल्याच्या जखमेतून दुप्पट हाड येतं. दहा-वीस लाखांत एखाद्याला होतो हा आजार, आणि वाकडे अंगठे ही त्याची जन्मखूण.

"आमच्यापैकी कुणाकडून आलं?" अक्षतानं विचारलं.

"कुणाकडूनच नाही. तुमच्या आणि महेशरावांच्या जनुकांचं वाचन लग्नाच्या वेळचं आपल्याकडं आहे, दोघांतही हे नाही. गर्भ धरताना नव्यानं पडलेली चूक. कुणाचा दोष नाही."

"पडली तेव्हा स्कूटर मी चालवत होते."

नसीमांनी तिच्या हातावर हात ठेवला. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, सरळ, कागदावर लिहून घ्यायचा म्हणून. "हिची पाठ कुणी चोळली होती का? मालीश, शेक, काही?"

"नाही," अक्षता म्हणाली. "मी घरात सक्त सांगून ठेवलं होतं."

"ईश्वरी, बाळा, कुणी चोळलं होतं?"

ईश्वरीनं अण्णांकडे पाहिलं. एकच क्षण. मग मान हलवायला गेली, ती पुरती हलेना, म्हणून तोंडानं म्हणाली, "नाही."

खाई त्याला खवखवे म्हणतात. अण्णा तिचे मोजे उचलून घडी घालत बसले. सहा वर्षांची पोर त्यांच्यासाठी खोटं बोलली होती आणि ते गप्प बसले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, त्यांनी स्वतःला समजावलं. झालं ते झालं. आता सांगून हाड थोडंच विरघळणार आहे?

मग आतलं चित्र काढलं. पडद्यावर ईश्वरीची पाठ फिरायला लागली, तिची नाजूक फासळी न् फासळी, आणि त्यावर पांढरं काहीतरी. नसीमा पुढं झुकल्या. "हे मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "पडल्याचा मार इथं, एका जागी. हाड तिथंच यायला हवं. पण हे पट्ट्यापट्ट्यांनी खाली गेलंय. दीड महिन्यात एवढं! याचा अर्थ आजार आपणहून धावतोय, मार लागायचीसुद्धा वाट बघत नाही."

अण्णांनी पाहिलं. मानेच्या मणक्यापासून दोन्ही बाजूंनी खाली उतरलेल्या दोन-दोन पट्ट्या, खांद्याच्या फऱ्याशी येऊन बाहेर वळलेल्या. डाव्या बाजूच्या जाड. उशाशी बसून चोळताना त्या बाजूला त्यांचा उजवा अंगठा चालायचा. डुबलांच्या घराण्यात पाठ अशीच चोळतात. आजा अशीच चोळायचा, बाप अशीच चोळायचा, आणि फऱ्याशी येऊन बाहेर वळायचं हे बापानं त्यांच्या पोटरीवर छड्या मारून शिकवलं होतं. जगातल्या कुठल्याही डॉक्टरला ते चित्र वाचता आलं नसतं. अण्णांना आलं. ती त्यांची बोटं होती, नातीच्या पाठीत हाडाची होऊन बसलेली.

"दोन औषधं आहेत," नसीमा सांगत होत्या. "दोन्ही तोंडानं घ्यायची. एक सौम्य आहे. कडी जरा घट्ट करतं, बाकी शरीराला त्रास देत नाही. पण आजार आपणहून धावत असेल तर ते पुरं पडत नाही. मग जहाल औषध द्यावं लागतं. ते नको तिथलं हाड थांबवतं, आणि हवं तिथलंही. लहान मुलांच्या हाडांच्या टोकांना वाढीची जागा असते, ती मिटते. उंची जिथं आहे तिथंच राहते."

"म्हणजे?"

"पावणेचार फूट. कायमची."

अक्षता पडद्याकडे बघत राहिली. "पण हात, मान राहील?"

"जी आहे ती राहण्याची शक्यता वाढेल. एवढ्या वेगात दुसरा इलाज मला दिसत नाही. शुक्रवारी सुरू करू."

तो मंगळवार होता. अक्षतानं संमतीच्या पडद्यावर अंगठा टेकवला आणि महेशला फोन लावून बाहेरच्या बाकावर बसून ती रडली.

तीन दिवस आडवारी येणाऱ्यांसाठीही अण्णांनी पडवी उघडली नाही. तब्येतीचं निमित्त सांगितलं. सांगायचं कसं? सांगितलं तर सून तोंड बघणार नाही, पोराला काय वाटेल, पन्नास गावांत काय होईल! हणमंत डुबलानं स्वतःची नात आखडवली, असं लोक म्हणतील, आणि खरंच म्हणतील. अक्षता स्वयंपाक करता करता मधेच थांबायची, "शेवाळ दिसलं होतं मला," असं कुणालाही न सांगता म्हणायची, आणि पुन्हा पोळी लाटायला लागायची. अण्णा ते ऐकायचे आणि ताटावरून उठायचे. एक शब्द बोलले असते तर त्या बाईच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. तो शब्द त्यांच्या तोंडातून निघत नव्हता, आणि त्यांना स्वतःची शिसारी आली होती.

गुरुवारी दुपारी ईश्वरी बाजेवर त्यांच्याशेजारी येऊन बसली. तिच्या डोक्यात काहीतरी घोळत होतं.

"अण्णा, उंची नाही वाढली तर मी पहिलीतच राहणार का रे?"

"न्हाई गं. वर्ग वाढत्यात."

"मग दहावीतपण एवढीच? मग फळ्यापर्यंत हात कसा पोचणार? हा तर वरच जात नाही." तिनं डावा हात उचलायचा प्रयत्न करून दाखवला. तो खांद्याशी अडला. तिनं तो निमूट खाली घेतला आणि बाहेर कोंबड्या बघत बसली.

अण्णा उठून मागच्या न्हाणीत गेले, दार लावलं आणि तोंडात पंचा कोंबून रडले.

शुक्रवारी केंद्रात नसीमांनी औषधाची बाटली उघडली, पिवळ्या द्रवाचा एक छोटा चमचा भरला. ईश्वरीनं नाक मुरडून तोंड उघडलं.

"थांबा," अण्णा म्हणाले.

चमचा थांबला.

"मी चोळलंय तिला."

"काय?" अक्षता म्हणाली.

"मी चोळलंय. दीड महिना. रोज. तू कामावर गेलीस की. त्यो रोग आपणहून धावला न्हाई डाक्टरबाई, त्येला मी पळवलाय." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "खोटं वाटत आसंल तर त्ये चित्र लावा."

नसीमांनी चित्र लावलं. अण्णा पडद्यासमोर उभे राहिले आणि हवेत, चोळताना फिरवायचे तसे, त्यांनी दोन्ही अंगठे फिरवले. मानेपासून खाली, पुन्हा मानेपासून खाली, फऱ्याशी बाहेर. पडद्यावरच्या एकेका पांढऱ्या पट्टीवरून त्यांचा अंगठा बरोबर गेला, एकही सुटली नाही.

"मी नाही हं सांगितलं, अण्णा!" ईश्वरी घाबरून ओरडली. "मी कुण्णालाच नाही सांगितलं!"

"व्हय बाळा. तू न्हाई सांगितलंस. तुला गप्प बसायला लावलं त्येबी माझंच पाप."

नसीमांनी चमचा परत बाटलीत ओतला. "म्हणजे मार थांबला तर हाड थांबेल, असं धरायला जागा आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "सौम्य औषधावर ठेवू. पुढची गाठ येईल तेव्हा कळेल. ती हाड न होता विरली तर हिची उंची वाचली. नाही विरली, तर मात्र..." त्यांनी जहाल औषधाची बाटली कपाटात ठेवली. अण्णांकडे त्यांनी पाहिलं नाही, आपला कोपर मात्र नकळत दुसऱ्या हातानं धरला होता.

अक्षता ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली. "मला रडताना बघत होतात तुम्ही. मीच पाडलं, मीच पाडलं म्हणत होते मी, आणि तुम्ही मला पाणी आणून दिलंत."

संध्याकाळच्या गाडीनं ती ईश्वरीला घेऊन विट्याला माहेरी गेली. महेशनं फोन केला, तो एकच वाक्य बोलला, "अण्णा, निदान मला तरी सांगायचं होतं," आणि ठेवून दिला.

सोमवारी पडवी पुन्हा उघडली. अण्णांनी जमलेल्या माणसांना हात जोडून सगळं सांगितलं, काही न लपवता. काही उठून गेले. काही म्हणाले, "चालायचंच अण्णा, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंय?" ते शब्द त्यांना शिवीसारखे लागले. निखळलेलं हाड ते बसवत राहिले, पण चोळणं बंद केलं, आणि पोर आलं की आधी त्याच्या पायाचे अंगठे बघायला लागले. गाठ असेल तर हात मागं घेऊन सरळ केंद्राचा रस्ता दाखवायचे.

डिसेंबरात अक्षताचा फोन आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. शाळेत एका मुलीचा धक्का लागून ईश्वरी भिंतीवर आपटली होती. कमरेच्या वर गाठ आली होती, लालभडक.

"सारखं तुमचं नाव घेतेय," अक्षता म्हणाली. "या."

पुढं सहा आठवड्यांनी ती गाठ हाड न होता विरून गेली आणि नसीमांनी जहाल औषधाचं नाव ईश्वरीच्या कागदावरून कायमचं खोडलं. पण ते नंतरचं. त्या दुपारी विट्याच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. अण्णा दारात चप्पल काढून उभे राहिले तेव्हा त्यांना एवढंच दिसलं, की खाटेवर कुशीवर पडलेल्या पोरीचा जुना झगा गुडघ्याच्या वर गेला होता. दोन बोटं तरी वाढली होती.

"अण्णा!" ईश्वरीचा चेहरा घामानं डबडबला होता. "लई दुखतंय. चोळ की. तुझ्या हातानं बरं वाटतं मला."

अण्णांचे हात आपोआप उठले. अक्षता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी होती. ती पुढं झाली नाही.

अण्णांनी हात मागं घेतले आणि पाठीशी धरले. "मला येत न्हाई, बाळा."

"असं कसं? तुला सगळं येतं."

"हे न्हाई येत."

ईश्वरीनं त्यांच्याकडे रागानं पाहिलं, ओठ काढला, आणि मग कळेचा झटका आला तसे डोळे गच्च मिटले. अण्णा तसेच उभे होते. म्हातारा माणूस लेकरासारखा रडत होता आणि डोळे पुसायलासुद्धा त्यानं हात पुढं आणला नाही.

अक्षता आत आली. कोपऱ्यातली खुर्ची तिनं ओढत आणली, खाटेला लागून ठेवली आणि त्यांच्याकडे बघून म्हणाली, "बसा, अण्णा."